इकबालभाईंच्या फ्लेक्सवरची रिकामी रिक्षा

येशू ख्रिस्ताला कापडदुकानाच्या जाहिरातीत जागा मिळवून देण्याचं काम माझ्यावर कुणीही सोपवलं नव्हतं. पाळकसाहेबांनी नाही, चर्चच्या महिला मंडळानं नाही, आणि येशूनं तर नाहीच नाही! ते मी आपणहून अंगावर घेतलं. आमच्या घरात असं काहीबाही अंगावर घेणारी मी एकटीच. बाकीचे नंतर निस्तरतात.

बाकीचे म्हणजे दोघं. एक आमचे हे, दानियल. एसटीतून निवृत्त झाले आणि तेव्हापासून यांना कसलीच घाई नाही. (नोकरीत असतानाही नव्हती, असं रत्नागिरी डेपोचे जुने प्रवासी सांगतात.) दुसरी आमची लेक रुथ. ती पुण्याला डिझाइनचं शिकली आणि तिथली नोकरी सोडून "मी इथंच माझं काम सुरू करणार" म्हणत घरी आली. मला कोण आनंद झाला! एकुलती एक पोर डोळ्यांसमोर राहणार, आणखी काय पाहिजे? तिला मात्र आणखी एक गोष्ट पाहिजे होती, ती म्हणजे काम. ते काही येईना. लॅपटॉप उघडून गॅलरीत बसायची आणि समोरच्या माडावरचे कावळे बघायची.

शेवटी डिसेंबरच्या तोंडावर पहिली ऑर्डर आली. राम आळीतल्या इकबालभाईंच्या कपड्यांच्या दुकानाचा सेल! एक फ्लेक्स दुकानावर, एक मारुती मंदिरच्या चौकात.

"हे जमलं ना मम्मी, तर आणखी दुकानं येतील," रुथ म्हणाली. "नाही जमलं तर जानेवारीत मी परत पुण्याला. ते लोक अजून बोलावतायत."

म्हणजे माझी मुलगी घरी राहणार की जाणार, हे एका फ्लेक्सवर ठरणार होतं. एवढं समजण्याइतकी अक्कल मला होती. ती वापरायची राहिली, इतकंच.

रुथनं डिझाइन दाखवलं. निळं आभाळ, खाली समुद्र, किनाऱ्यावर एक रिक्षा आणि रिक्षात मागच्या सीटवर ऐसपैस बसलेला सांताक्लॉज! वर ठळक अक्षरांत 'सर्वांना सणासुदीच्या शुभेच्छा! डिसेंबर धमाका! दोनवर एक मोफत!' आणि अगदी खाली बारीक अक्षरांत शर्ट, पँट, बनियन वगैरे.

मी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. "नाताळ कुठाय?"

"हा काय! सांता आहे, चांदण्या आहेत, लाल रंग आहे."

"अगं, वाढदिवस ज्याचा, तो कुठाय?"

"मम्मी, ही जाहिरात सगळ्यांसाठी आहे. सगळ्यांना आपली वाटली पाहिजे. हल्ली असंच करतात."

"वा गं वा! सगळ्यांना आपली वाटावी, आणि ज्यांचा सण त्यांना परकी! दिवाळीच्या जाहिरातीत दिवाळी लिहितात, ईदच्या जाहिरातीत ईद लिहितात. आमचीच पाळी आली की 'सणासुदीच्या'? कुठला सण? नाव घ्यायला जीभ झडते?"

"सांता बरा आहे की," दानियल करंजी खात म्हणाले. (आमच्याकडे नाताळला करंज्या, शंकरपाळे, चकल्या, सगळं होतं, दिवाळीचा फराळ करणाऱ्या शेजारणींच्या एक महिना मागून आम्ही तळायला बसतो.) त्यांना सांता बरा वाटणारच! दरवर्षी नाताळच्या कार्यक्रमात कापसाची दाढी लावून चर्चमध्ये गोळ्या वाटणारा सांता म्हणजे तेच.

"तुम्ही मध्ये बोलू नका. त्या म्हाताऱ्याचा आणि बेथलेहेमचा काय संबंध? गव्हाणीत बाळ जन्मलं त्या दिवशी हा होता तिथं? मेंढपाळ होते, पूर्वेकडचे ज्ञानी मागी होते, गाढवसुद्धा होतं! गाढव घाल एक वेळ!"

रुथनं लॅपटॉप मिटला. "मम्मी, इकबालभाईंनी हे पसंत केलंय. माझी पहिली ऑर्डर आहे. मला एक वचन दे, तू दुकानात जाणार नाहीस."

मी वचन दिलं. अगदी मनापासून दिलं. पण घरात बसवेना. झाडलोट केली, झालेली झाडलोट पुन्हा केली, शंकरपाळ्यांचा डबा तीनदा उघडून बंद केला. डोळ्यांसमोर तो तांबडा म्हातारा रिक्षात पाय पसरून बसलेला! शेवटी महिला मंडळाच्या सभेला गेले. दुकानात जायचं नाही असं ठरलं होतं. मंडळात जायचं नाही असं कुठं ठरलं होतं?

मंडळाची सेक्रेटरी मीच. अध्यक्ष ग्रेसवहिनी. त्यांचा स्वभाव असा, की त्यांना कुठलीही गोष्ट पटली की त्या चप्पल शोधायला लागतात. मी भाषण ठोकलं. दुकानदारांनी आमच्या सणातून आमचा प्रभू काढला आणि सेल तेवढा ठेवला, असं म्हणाले. भाषण चांगलं झालं. फार चांगलं झालं! तिथल्या तिथे दोन ठराव झाले. पहिला, या वर्षी चर्चच्या कार्यक्रमात सांता नको. दुसरा, जाहिरातीत बदल झाला नाही तर शनिवारी दुकानावर जाऊन निवेदन द्यायचं. निवेदन लिहायचं काम अर्थातच माझ्याकडे. मी ते असं घणाघाती लिहिलं की स्वतःच दोनदा वाचलं.

पाळकसाहेबांच्या कानावर गेलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "मार्थाबाई, जाहिरातीत प्रभू नसला तर चालेल हो. उपासनेला माणसं असली म्हणजे झालं." मी म्हटलं, यांचं वय झालं.

दानियलना पहिला ठराव सांगितला. माळ्यावरून सांताचा ड्रेस काढून उन्हात टाकला होता, तो त्यांनी घडी करून परत ठेवला. मला जरा वाईट वाटलं, पण तत्त्व म्हणजे तत्त्व!

शनिवार अजून लांब होता. तितके दिवस मी थांबायचं म्हणजे उकळत्या दुधानं थांबायचं. यांना नवीन बनियन पाहिजेत असं मला अचानक आठवलं. (यांना नको होते. यांचे बनियन बनियन राहिलेले नसूनही यांना नको असतात.) आता बनियन घ्यायला राम आळीत जावंच लागतं, आणि तिथं इकबालभाईंचं दुकान आहे यात माझा काय दोष?

"सलाम बाई! या, या!" इकबालभाई गल्ल्यावरून उठून उभेच राहिले. एक सांगायचं राहिलं. इकबालभाई माझे विद्यार्थी. पाचवीत होते. आता केस पिकले, आखातात बरीच वर्षं काढून आले, दोन मुलींची लग्नं केली, पण मी दिसले की अजून शर्टाचं वरचं बटण लावतात.

"इकबाल, तुझी जाहिरात पाहिली."

"आवडली काय? पोरगी हुशार हाय हो तुमची!"

"पोरगी हुशार आहे. पण त्यात तो म्हातारा कशाला? नाताळ कुणाचा?"

"ईसांचा, बाई."

"मग त्या रिक्षात कोण पाहिजे?"

इकबालभाईंनी मीटरपट्टी उचलून परत ठेवली. तोंड उघडलं, मिटलं. वर्गात गृहपाठ विसरल्यावर असंच करायचे.

"समजलं का मी काय म्हणते ते?"

"हो, बाई."

"म्हातारा काढायचा."

"हो, बाई."

"आणि त्याच्या जागी कोण, ते तुला सांगायला नको."

"नको, बाई."

मी विजयी मुद्रेनं बनियन घेऊन घरी आले. रुथला काही बोलले नाही. म्हटलं, परस्पर सुधारलेली जाहिरात बघितली की खूश होईल!

दोन दिवसांनी फ्लेक्स लागले. त्याच सकाळी रुथचा फोन वाजला. डिझाइनच्या कोपऱ्यात तिचं नाव आणि नंबर होता. नव्या धंद्याला तेवढीच प्रसिद्धी!

"मॅडम, रिक्षाचं विचारायचं होतं," पलीकडून आवाज आला. "दोन घेतल्या तर तिसरी फुकट, ती पन सीएनजीच मिळंल ना?"

"कसली रिक्षा?"

"फ्लेक्सवरची!"

तो फोन ठेवते तोवर दुसरा. "ताई, आमी तिघं भाऊ. परमिट धरून हाय की वेगळं?" मग तिसरा. चौथ्याला रंग बदलून पाहिजे होता. रुथनं स्कूटर काढली, मी मागे बसले. चौकात पोचतो तर काय!

निळं आभाळ होतं. समुद्र होता. रिक्षाही होती. रिक्षात कुणीही नव्हतं! मागची सीट रिकामी, स्वच्छ, चकाचक. वर 'दोनवर एक मोफत!' आणि खालची शर्ट-पँटची ओळ शहाळीवाल्याच्या गाडीनं पूर्ण झाकलेली. समोर सात-आठ रिक्षावाले माना वर करून चर्चा करत होते.

"बॉडी नवीन दिसते."

"कायतरी घोळ असंल. रिक्षा फुकट कोन देतो?"

रुथ माझ्याकडे वळली. आईचा चेहरा तिनं लहानपणापासून वाचलेला आहे.

"मम्मी. तू दुकानात गेलीस."

"बनियन आणायला..."

"मम्मी!"

"मी म्हातारा काढायला सांगितलं, खरं आहे. पण जागा रिकामी ठेवायला नव्हतं सांगितलं! तिथं येशू..."

"रिक्षात?" रुथचा आवाज असा चढला की शहाळीवाल्याचा कोयता थांबला. "बनियनच्या सेलवर?"

त्या क्षणापर्यंत, खरं सांगते, मी 'बनियन' आणि 'येशू' हे एका चित्रात कधी ठेवून बघितलेच नव्हते. तिथं भर चौकात ठेवून बघितले आणि शहाळीच्या गाडीआड सरकले.

घरी येऊन रुथनं कपाटावरची बॅग खाली काढली. "आता गावभर माझं नाव म्हणजे रिक्षावाली. कोण देईल मला काम? मी पुण्याला कळवते." मी तिच्यामागे या खोलीतून त्या खोलीत. तिनं बॅगेत कपडे ठेवायचे, मी काढायचे. दानियल दारात उभे राहून म्हणाले, "आधी इकबालला विचार तरी, त्यानं असं का केलं." यांना वर्षातून एकदा सुचतं, पण बरं सुचतं.

फराळाचं ताट घेतलं आणि मी राम आळीत धावले. दुकानाबाहेर रिक्षांची रांग लागलेली. इकबालभाई आतल्या बाजूला शर्टांच्या ढिगाआड लपलेले.

"इकबाल, हे काय करून ठेवलंस? छपाईवाल्यानं अर्धवट छापलं की काय?"

"नाय बाई. मीच सांगितलं तसं छापायला."

"अरे, मी तुला काय म्हणाले होते?"

इकबालभाईंनी वरचं बटण लावलं. लावलेलंच होतं, तरी चाचपून बघितलं. "बाई, तुमी बोललाव, म्हातारा काढ. काढला. पन त्या जागी ईसा अलैहिस्सलाम? ते आमचे पन पैगंबर. आमी त्यांची तस्वीर काढीत नाय. आनि चड्डी-बनियनच्या सेलवर? माझा हात नाय झाला, बाई. म्हनून तर पयला सांता घातला होता. त्याला कुठंपन बसवा, कोन काय बोलत नाय."

"मग मला तेव्हाच नाही म्हणायचंस!"

"तुमाला?" इकबालभाईंनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांना समुद्रावरून चालत मांडवीहून पलीकडे भाट्याला जायला सांगितलं. "तुमाला नाय कसा म्हनू? म्हनून जागा रिकामी ठेवली. ज्याला समजायचं त्याला समजंल, कोनाची हाय."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझ्या देवाचा मान राखायचा म्हणून मी गाव डोक्यावर घेतलं होतं, आणि तो मान इथं गुपचूप राखला जात होता, तोही माझ्याच धाकाखाली! मी स्टुलावर बसले आणि करंज्यांचं ताट पुढे केलं. डोळ्यांना पदर लावला. इकबालभाई करंजी खात म्हणाले, "रडू नका बाई, मस्त झाल्यात."

रडून भागणार नव्हतं. बाहेर रिक्षावाले, घरी बॅग. नवीन फ्लेक्स छापायला फोन केला, तर छपाईवाल्याकडे पुढाऱ्यांच्या वाढदिवसांची रांग. "जानेवारीत या," म्हणाला. मग माझ्या डोक्यात आलं, की चित्रातला सांता गेलाय तर खराखुरा बसवू! दुकानासमोर खरी रिक्षा उभी करायची, त्यात सांता, हातात कपड्यांच्या सेलची पत्रकं. बघणाऱ्याला झटकन कळेल की विकायला रिक्षा नाही, शर्ट आहेत. रुथला फोन करून सांगितलं. तिनं आधी दोनदा परत सांगायला लावलं. मग म्हणाली, "चालेल. आयडिया बरी आहे. पण सांता कोण?"

सांता घरातच होता! मी दानियलपुढे जाऊन उभी राहिले. "अहो, ड्रेस काढा."

"कसला?"

"सांताचा."

"छे, छे!" दानियल गंभीर चेहऱ्यानं म्हणाले. "सांताचा आणि बेथलेहेमचा काय संबंध? मंडळाचा ठराव झालाय. मी तुझ्या शब्दाबाहेर नाही." आणि पेपर वर धरला. पेपर हलत होता. माणूस आत हसत होता!

पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं, पण हे हलले नाहीत. शेवटी ड्रेस माझ्या अंगावर चढला. पोटाला बांधायची उशी मी उचलली, तर दानियल पेपरामागून म्हणाले, "तुला ती नको."

शनिवारी सकाळी मी राम आळीत रिक्षाच्या मागच्या सीटवर बसले. लाल मखमल, कापसाची दाढी, टोपी आणि आपल्याकडचा तो डिसेंबर! बर्फातल्या माणसाचे कपडे घालून मी कोकणात शिजत होते. पण युक्ती लागू पडली. लोक जमले, पत्रकं घेतली, हसत हसत आत शिरले. ज्या तिघा भावांना तीन रिक्षा पाहिजे होत्या, ते तीन शर्ट घेऊन बाहेर आले. रुथ दारात उभी राहून फोटो काढत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर मला किती दिवसांनी हसू दिसलं. दाढीआड मी देवाचे आभार मानत होते.

आणि तेवढ्यात कोपऱ्यावरून ग्रेसवहिनी आल्या. मागे चार बायका, एक बॅनर.

शनिवार! निवेदन! या सगळ्या धांदलीत मंडळाला थांबवायचं मी साफ विसरले होते. मी सीटमध्ये जमेल तितकी खाली सरकले. (फारसं जमलं नाही.)

ग्रेसवहिनी थेट रिक्षासमोर येऊन उभ्या राहिल्या. मला नखशिखांत बघून म्हणाल्या, "हाच तो! बघा कसा निर्लज्जासारखा बसलाय! आज आमच्या सेक्रेटरीबाई फोन उचलत नाहीत, नाहीतर त्यांनी याला दाढी धरून खाली ओढला असता." मी मान डोलावली. दुसरं काय करणार?

इकबालभाई धावत बाहेर आले, "सलाम, सलाम" म्हणत सगळ्यांना सरबत मागवलं. ग्रेसवहिनींनी सरबत घेतलं आणि एका दमात निवेदन वाचायला घेतलं. ऐकताना मला वाटलं, भाषा झकास आहे! मग पुढचं वाक्य आलं. "या दुकानदाराच्या मनात आमच्या प्रभूविषयी तिळमात्र आदर नाही, त्याला फक्त स्वतःच्या गल्ल्याची..."

इकबालभाईंचा हात सरबताच्या ट्रेवर तसाच थांबला. ते खाली बघायला लागले.

"चूक!" मी रिक्षात ताडकन उभी राहिले. टपाला डोकं आपटलं, टोपी उडाली. "साफ चूक! खोडा ते वाक्य! कुणी लिहिलाय हा मूर्खपणा?"

ग्रेसवहिनींनी आधी माझ्याकडे, मग कागदाकडे, मग परत माझ्याकडे बघितलं. "मार्थाताई, तुम्हीच!"

राम आळी अशी हसली म्हणता! दाढी एका कानावर लोंबत होती. तशीच मी रिक्षातून उतरले आणि सगळ्यांसमोर सांगितलं, त्या फ्लेक्सवरची जागा रिकामी का होती ते. ग्रेसवहिनींनी कागदाची घडी केली, पदरानं नाक पुसलं आणि विचारलं, "ते ठीक आहे. पण आता आम्ही काय करायचं? आम्ही घोषणा पाठ करून आलोय!"

"घोषणा नकोत. नाताळची गाणी म्हणा की!" पायरीवरून दानियलचा आवाज आला. (हे कधी आले होते, कुणास ठाऊक! सरबत मात्र हातात होतं.) आणि भर बाजारात, शर्ट-बनियनच्या ढिगासमोर, बेथलेहेमच्या बाळाची गाणी झाली. इकबालभाईंनी दुकानातला रेडिओ बंद केला आणि गाणी संपेपर्यंत कुणाला बिल दिलं नाही. नंतर मात्र सेलचा माल दुपारीच संपला.

रुथची बॅग परत कपाटावर गेली. आता तिच्याकडे राम आळीतली निम्मी दुकानं आहेत, गॅलरीतल्या कावळ्यांकडे बघायला तिला फुरसत नसते. इकबालभाईंनी तर पुढच्या सगळ्या नाताळांचं काम तिलाच दिलंय. अट फक्त एक, फ्लेक्स छापून, लागून, लोकांनी बघून होईपर्यंत मम्मी गावात नको. त्यामुळे दर डिसेंबरात मी आठवडाभर देवरुखला माझ्या बहिणीकडे असते. एसटीचं तिकीट इकबालभाई स्वतः काढतात, आणि मला बसवून गाडी सुटेपर्यंत स्टँडवर हलत नाहीत, वरचं बटण लावून.